नववा परिच्छेद

उंब्रज, १६ मार्च १९७५

कचेरीत असताना रोजनिशी ठेवायला आम्हांला मनाई आहे. इथं कोण विचारणार? आईचे दिवस चालू आहेत. सुतकामुळे कुणी कामाला हात लावू देत नाही, आणि डोक्यात जे चाललंय ते थोरल्या भावाला, नाथाजीदादाला, सांगून कळण्यातलं नाही. म्हणून पुतणीच्या शाळेची एक कोरी वही मागून घेतली.

आई गेल्या रविवारी गेली. मी आदल्या दिवशी पोचलो होतो. तिनं मला ओळखलं आणि विचारलं, "छबू कुठाय?" मी म्हणालो, मागनं येतीय. खोटंच.

माझी बायको बनू आणि साडेपाच वर्षांची छबू सायगावात आहेत. आपल्या सरकारच्या तिथल्या कचेरीत मी स्टेनो. इथं निम्म्या लोकांना ते जावळीतलं सायगाव वाटतं. काल भावकीतले ज्ञानूतात्या म्हणाले, "येवढं जवळ हाय तर सूनबाईला का आणलं न्हाईस रं?" मी व्हिएतनाम म्हणालो. "तितं लढाई हाय न्हवं?" मी सांगितलं की लढाई लांब डोंगरात आहे, अमेरिकेचं सैन्य जाऊन दोन वर्षं झाली, शहर शांत आहे.

आज रेडिओवर ऐकलं की डोंगरातलं मोठं शहर पडलं आणि सरकारी फौज तो सगळा मुलूख सोडून खाली निघाली आहे.

बनूला का आणलं नाही? तीच नको म्हणाली. छबूची शाळा बुडेल म्हणाली.

१९ मार्च

आज दिवसभर ते टिपण डोक्यात. फेब्रुवारीत साहेबांनी सांगितलं आणि मी टाईप केलं. (साहेब म्हणजे आमच्या विभागाचे. सगळ्यांत वरचे नव्हेत.) बारा पानं, चार कार्बन. विषय: अमेरिकन सैन्य गेल्यानंतरची परिस्थिती व आपल्यापुढील पर्याय.

पर्याय तीन होते. कचेरी बंद करून सगळ्यांनी निघायचं. किंवा माणसं ठेवायची आणि बायकामुलं परत पाठवायची. किंवा सगळ्यांनी, बायकामुलांसकट, काही झालंच नाही असं राहायचं. साहेबांचा कौल तिसऱ्याला. त्यांचं म्हणणं, आज जे रानात आहेत ते उद्या गादीवर बसतील, आणि कुणी घाबरून बिस्तरा गुंडाळला होता हे ते विसरणार नाहीत. आपली कुटुंबं निघाली की आजचं सरकारही चिडेल आणि आपल्या मुलखातून तिथं गेलेले दुकानदार त्याच दिवशी फळ्या लावतील. म्हणून थांबायचं, आणि झेंडा बदलला की पहिल्या दिवशी नव्या झेंड्याला मान्यता द्यायची.

अजूनही मला त्यात खोट काढता येत नाही. साहेबांचं डोकं फार चालतं.

२१ मार्च

आईचं तेरावं झालं. तासगावहून जोतीराममामा आले होते. आईचे धाकटे भाऊ, आणि बनूचे वडील. पूर्वी लष्करात लॉरी ड्रायव्हर होते, आता द्राक्षबाग आहे. पान वाढलं तरी जेवेनात. मला म्हणाले, "पोरी कवा येत्यात?"

"माझी रजा दहा एप्रिलला संपती मामा. मीच परत जाणार."

"मी तुझं न्हाई इचारलं."

२७ मार्च

उत्तरेकडचं ह्यू शहर पडलं. तिथं आमच्या कचेरीतले दोघं गेल्या वर्षी नाताळात फिरायला गेले होते, फोटो दाखवत होते.

आजच बनूचं पत्र आलं, तारीख १४ मार्चची. तेरा दिवसांपूर्वी ती सुखरूप होती, एवढंच त्याचं मोल. लिहिते: "आम्ही बरे आहोत. छबूचा पुढचा दात पडला. सासूबाईंचं, म्हणजे माझ्या आत्तीचं कळलं. मला तिथं असायला पाहिजे होतं. तुमच्या साहेबांच्या बाईसाहेब दोन्ही मुलांना घेऊन परवा मद्रासला गेल्या. बहिणीचं लग्न आहे म्हणाल्या. सामान लय होतं, स्वयंपाकाची भांडीसुद्धा नेली."

लग्नाला भांडी कशाला नेली कोण जाणे. त्यांच्याकडे तशी रीत असेल.

३१ मार्च

दानांग पडलं. पेपरात फोटो आहे, विमानाच्या शिडीला माणसं लोंबकळताहेत. मी पेपर घडी घालून गादीखाली ठेवला, घरातल्यांनी बघू नये म्हणून. मग स्वतःच तीनदा काढून बघितला. एका बाईच्या कडेवर पोरगी आहे. ती छबू नाही, दानांग सायगावपासून किती लांब आहे ते मला माहीत आहे, तरी भिंग घेऊन बघितलं.

दुपारी दिल्लीची तार. रजा वाढवली आहे, पुढील हुकूम होईपर्यंत परत निघू नये.

तार वाचताना पहिल्यांदा काय वाटलं ते इथं लिहून ठेवतो. बरं वाटलं. एक क्षणभर, पण वाटलं. नाथाजीदादा म्हणाला, "देवानं आईच्या निमित्तानं तुला तरी भाईर काढला." मी उठून मळ्यात गेलो. उसाला पाणी चालू होतं, तिथं बांधावर बसलो.

तासगाव, २ एप्रिल

मामांकडे आलो. राहवेना. बागांतली द्राक्षं उतरली आहेत, बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर माल पसरलाय. मामा मोकळ्या हातानं घड परतत होते. बनूचं पत्र वाचून दाखवलं. बाईसाहेबांच्या ओळीला त्यांनी हात थांबवला.

"पुन्ना वाच."

पुन्हा वाचली.

"भांडी नेली," मामा म्हणाले. हातातला घड त्यांनी जाळीवर ठेवला. म्हणाले, "उद्या सांगलीला जाऊ. दिल्लीला फोन लाव."

सांगली, ३ एप्रिल

ट्रंक कॉलसाठी साडेनऊला नाव दिलं. लागला पावणेतीनला. मामा बाहेरच्या बाकड्यावर टोपी हातात घेऊन बसले होते. पाच तासांत त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

दिल्लीचे अधिकारी सभ्य होते. मी नाव सांगितलं, जगदाळे, स्टेनो, आणि विचारलं की कुटुंबं परत आणण्याचा काही विचार आहे का. त्यांनी फाईल मागवली. मग म्हणाले की तुमच्याच कचेरीचा सल्ला आहे, थांबण्याचा, आणि मला नववा परिच्छेद वाचून दाखवला: कुटुंबीयांसह राहण्याची कर्मचारीवर्गाची तयारी असून तसे त्यांनी आपणहून सांगितले आहे. "तुमची माणसंच म्हणतात राहतो, मग आम्ही त्यांना ओढून कसं आणायचं?"

मी ठीक आहे म्हणालो. तीन मिनिटं संपली.

बाहेर मामा उभे राहिले. "काय म्हणलं?"

"बघू म्हणालं."

एस.टी.त ते खिडकीकडे तोंड करून बसले.

तासगाव, ५ एप्रिल

काल सायगावहून अनाथ पोरांना घेऊन निघालेलं विमान उडाल्यावर थोड्याच वेळात कोसळलं. शंभराच्या वर मेली म्हणतात. मामा एकेक अक्षर लावत पेपर वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "आपण इमानानं आणायचं म्हणतुया. आन इमान हे असं."

मग मला धीर धरवेना. शेडमध्ये, उभ्यानंच, सगळं सांगून टाकलं. ते इथंही लिहितो.

फेब्रुवारीत आठ परिच्छेद सांगून झाल्यावर साहेब थांबले. म्हणाले, "जगदाळे, तुम्ही इथं बायको-मुलगी घेऊन राहता. भीती वाटते?" अकरा वर्षांच्या नोकरीत माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही साहेब, आम्ही राहू." ते हसले आणि त्यांनी नववा परिच्छेद सांगितला. कर्मचारीवर्ग म्हणजे मी एकटा. घरी जाऊन बनूला मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, साहेबांनी मला विचारलं म्हणून. ती भाजी चिरत होती. "आन मला?" एवढंच म्हणाली.

आणि मार्चमध्ये आईची तार आली तेव्हा ती म्हणाली होती, "आमी दोघी येतो. आत्तीला शेवटचं बघू द्या." मीच नको म्हणालो. टिपण नुकतं दिल्लीला गेलंय, आणि ज्यानं राहतो म्हणून सांगितलं त्याचीच बायको पहिली निघाली तर साहेब तोंडावर पडतील. शाळा बुडेल हे मी म्हणालो होतो, ती नव्हे. या वहीच्या पहिल्या पानावर मी उलटं लिहिलंय. खोडत नाही, तसंच असू दे.

मामा मारतील असं वाटलं. त्यांनी दोन घड परतले. मग म्हणाले, "सायगाव मी बघितलंय."

मला हे ठाऊक नव्हतं. बनूलाही नाही.

"पंचेचाळीस साली. जपानी हरलं, तवा विंग्रजानं आमाला तितं न्हेलं. माझी लॉरी हुती. बाजारात एक मद्राशी दुकानदार, त्याची बायकू मला च्या द्यायची. ती म्हणायची, तुमी जाणार आसलासा तर एक दीस आदी सांगा, आमी पोरं घिऊन बोटीवर बसतो. तुमी हाय म्हणून आमाला कोण हात लावत न्हाई. मी म्हणलो, सांगतो. शेचाळीसला निघायचा दीस ठरला. आमाला कळलं हुतं. कुणाला बोलायचं न्हाई म्हणून हुकूम हुता."

"मग?"

"न्हाई सांगितलं. सकाळी लॉऱ्या निघाल्या, तवा ती दुकान झाडत हुती. तिनं हात केला. पुढं काय झालं तिचं ठावं न्हाई." मामांनी हात धोतराला पुसले. "मी हुकमाचा ताबेदार हुतो. तुला कुणाचा हुकूम हुता रं?"

मी जाळीवरचा एक घड उचलला, परत ठेवला.

"मोठ्या माणसांनी इचार केला ते त्यांचं त्यांनी. तू जे बोललास ते तुझं. ते मागं घे."

सांगली, ७ एप्रिल

तार केली. एक दिल्लीला, एक साहेबांना. मजकूर: नवव्या परिच्छेदात उल्लेख असलेला कर्मचारी मी एकटा आहे. माझ्या पत्नीला मी विचारले नव्हते. ते मत मागे घेत आहे. पत्नी व मुलीस, तसेच इच्छुक सर्व कुटुंबांना पाठवावे ही विनंती.

गुप्त टिपणाचा उल्लेख मी उघड तारेत केला. तारबाबूनं शब्द मोजताना दोनदा वर बघितलं. नोकरी जाईल बहुतेक. आणि साहेबांना काय वाटेल, हा विचार अजून येतोच आहे. ह्याची मला लाज वाटते.

उंब्रज, १० एप्रिल

तिथल्या सरकारच्याच एका वैमानिकानं परवा सायगावच्या राष्ट्रपती भवनावर बॉम्ब टाकले. तिथून आमचं घर चालत पंधरा मिनिटं.

१८ एप्रिल

शेजारच्या कंबोडियातलं नॉम पेन्ह पडलं. सगळा तो भाग भिंत खचावी तसा खाली येतोय. अमेरिकेनं दोन वर्षांपूर्वी पाय काढला तेव्हा आम्ही सगळे कचेरीत म्हणत होतो की बरं झालं, आता शांतता होईल. मी स्वतः पेढे वाटले होते.

दिल्लीचं पत्र. सरळ तार का केली याचा खुलासा सात दिवसांत द्यावा. बाकी काही नाही. दादा विचारतो, खुलाशात काय लिहिणार? मी सांगितलं, खरं तेच.

जेवण जात नाही. वहिनी, मनुबाई, ताट झाकून ठेवते आणि तसंच उचलते.

२२ एप्रिल

तिथल्या राष्ट्रपतींनी काल राजीनामा दिला. दिल्लीची दुसरी तार: इच्छुक कुटुंबांना पाठवण्याची व्यवस्था होत आहे.

तासगावला गेलो, तार वाचून दाखवली. मामांनी ती हातात घेतली, उलटी करून मागची बाजू बघितली. "कवा ते न्हाई लिव्हलं." नाही लिहिलं.

२५ एप्रिल

काही नाही.

२९ एप्रिल

विमानतळावर तोफगोळे. रेडिओनं सांगितलं, विमानं बंद.

१ मे

काल सायगाव पडलं. दादा बाहेरून बातमी घेऊन आला आणि दारातच थांबला, आत येईना. त्याला वाटलं मला माहीत नाही. मी सकाळपासून ट्रान्झिस्टरपाशी बसलेलो. दिल्लीला फोन केला, तर संपर्क तुटलाय म्हणाले.

आपला निर्णय बरोबर ठरला असं साहेब आता म्हणत असतील. झेंडा बदलला, आपण तिथंच आहोत. मला त्यांच्या पर्यायाचं काही देणंघेणं उरलं नाही. मला दोन माणसं पाहिजेत.

९ मे

बनूचं पत्र. २३ एप्रिलला टाकलेलं. पाकीट मनुबाईनं फोडलं.

"तुमच्या तारेचं साहेबांनी मला सांगितलं. रागावलेले दिसले नाहीत. थकलेत. मला म्हणाले, जायचं आहे का? मी हो म्हणाले. आमच्या मजल्यावरल्या तीन बाया आणि मी, पोरं धरून नऊ जणं. एकोणतीस तारखेच्या विमानात जागा मिळाली आहे. छबूनं तिच्या बाहुलीची पिशवी भरून ठेवली आहे. तासगावला बापूंना सांगा."

एकोणतीस.

पत्र घेऊन तासगावला गेलो. मामांपुढं ते वाचताना तारखेपाशी थांबलो. मामांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला. त्यांनी अक्षर लावत लावत ती तारीख स्वतः वाचली. मग भिंतीला टेकून बसले, आणि मी पहिल्यांदा बघितलं की ते किती म्हातारे झालेत. विमानतळाकडे निघाल्या असतील का? रस्त्यात असतील का तेव्हा? माझी तार चार दिवस आधी गेली असती तर कदाचित पंचवीसचं विमान मिळालं असतं. सांगलीहून तीन तारखेला फोन झाला. तीनलाच बोलायला पाहिजे होतं. सातला तार केली. चार दिवस मी लपवलं.

२० मे

आता झोपेत काही दिसत नाही. जागेपणी दिसतं.

तासगाव, २ जून

आज दुपारी बारा वाजता तार आली. दादानं उंब्रजहून स्वतः एस.टी.नं आणली. हनोईमार्गे निरोप: कचेरीतील सर्व कर्मचारी व कुटुंबे सुखरूप.

मामांना सांगितलं. त्यांनी "व्हय का" म्हटलं, बागेकडे चालू लागले, आणि निम्म्या वाटेत खाली बसले. मी धावलो. काही झालं नव्हतं. नुसते बसले होते.

"सगळी म्हंजी छबू पण ना?" एवढं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सगळी म्हणजे सगळी. मग मलाच शंका आली आणि तार पुन्हा वाचली.

१४ जुलै

माझी बदली दिल्लीला, जुन्या फाईलींच्या विभागात. ऑक्टोबरपासून. खुलाशाचा हा निकाल असावा. वाचून ठेवून दिलं.

तासगाव, २९ ऑगस्ट

बाहेर पडायची परवानगी मिळून दोघी परवा आल्या; मुंबईला विमानतळावर मामा आणि मी गेलो होतो. छबू उंच झालीय, रंग उतरलाय. तिनं मामांना ओळखलं नाही, मला ओळखलं, पण माझ्याकडे यायला बनूकडे बघून परवानगी घेतली. बनू अर्धी झाली आहे. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "हलकी हाय." मग वडिलांना म्हणाली, "बापू, तासगावला जाऊ." उंब्रजचं नाव काढलं नाही.

आज दुपारी छबू शेडमध्ये आजोबांच्या मागं मागं फिरत होती. बनू ओट्यावर बसली, आणि मी न विचारता सांगू लागली.

एकोणतीसला सकाळी सामान कचेरीत आणून ठेवलं होतं. गोळ्यांचे आवाज सुरू झाले तसे सगळे कचेरीच्या फाईलींच्या खोलीत गेले. तिथं खिडकी नव्हती. नऊ बायकापोरं आणि कर्मचारी, दोन दिवस. पोरांना शिवणकामाच्या दोऱ्यानं जाळं विणायला लावलं. तीस तारखेला रणगाड्यांचा आवाज आला. साहेब दाराला पाठ लावून उभे होते, पांढरेफटक. त्यांचं कुटुंब मद्रासला, त्यांना पत्रही जाईना. "रडत हुते वो. छबूनं त्यांना पाणी न्हिऊन दिलं. म्हणाली, काका, भीती वाटली की बसायचं."

मी म्हणालो, "तुला भीती..."

"मला भ्यायला सवड न्हवती. चार पोरांना हगवण लागलेली."

मग मी बोललो. साहेबांनी विचारलं तेव्हापासूनचं सगळं, सांगलीचा फोन, मामांशी खोटं बोललो ते, चार दिवस. ती ऐकत होती. मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "मला ठावं हुतं. तुमी त्या दिवशी घरी येऊन सांगितलंत तवाच कळलं, हे आता आपल्यासाटी हो म्हणून आलेत."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. आन मला, असं म्हणले. तुमी हात धुवायला गेला."

मला आठवतं. खरंच गेलो होतो.

मी म्हणालो, "माझा राग येऊ दे. शिव्या दे."

तिनं अंगणाकडं बघितलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तितं तुमचा राग यायला येळ न्हवता. आता यायला लागलाय. सकाळी उठल्यापासनं येतोय. तेवढा येऊ द्या. मधी मधी बोलू नगा."

३१ ऑगस्ट

बनू माझ्याशी कामापुरतं बोलते. पाणी काढलंय, जेवायला चला. मामा काही विचारत नाहीत. काल त्यांनी मला बागेत छाटणीच्या तयारीला घेतलं, मांडवाच्या तारा ओढायला.

दादाचा निरोप आला, घरी कधी येताय. मी कळवलं, माहीत नाही.

राग येऊ द्या म्हणाली, त्याला आज तिसरा दिवस. मी इथंच आहे.